हिवाळी पहाटेच्या राईडसाठी सायकलिंगचे हातमोजे: जाडी, जेल आणि साइझ

घाटवाट | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी.

डिसेंबर-जानेवारीतल्या ब्रेव्हेंसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड) हातमोजे घ्यायचे आहेत आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. सायकल रोड बाईक, ड्रॉप हँडल (टोकं खाली वळलेलं), शिमानोचे गिअर. सुरुवात पुण्यातून पहाटे सहाला. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे निघताना ९-१० अंश, दुपारी २८-२९ आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा गारवा.

अर्ध्या बोटांचे घातले तर उतारावर बोटांची पेरं आखडतात आणि ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो, वर हूडवरून (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवरून) हात घसरतो. मोटरसायकलचे जाड हातमोजे घातले की गिअर बदलताना दोन्ही लिव्हर एकदम दाबले जातात.

तर प्रश्न असे: जाडी किती हवी, जेलचे पॅड असावेत की नसावेत, आणि साइझ नेमका घ्यावा की एक मोठा?

---

निफाडचा गारठा | २२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

जाडीचा विचार आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे हात गारठतात ते वाऱ्याने. हँडलवर ठेवलेले हात फारसे हलत नाहीत, त्यामुळे स्वतःची ऊब तयार करत नाहीत, आणि समोरचा वारा सगळ्यात आधी त्यांच्यावरच बसतो. विंड चिलचं प्रचलित सूत्र लावलं तर १० अंशांत ताशी ३० किमीचा वारा अंगाला ७ अंशांसारखा लागतो. ५ अंशांत ताशी ४० किमी असेल तर जवळजवळ उणे १. आमच्याकडे पारा ५ च्या खाली उतरतो तेव्हा शेतावर चालत जाणाऱ्याला लोकरीचे हातमोजे पुरतात, सायकलवाल्याला नाही पुरत.

म्हणून हाताच्या पाठीकडे वारा अडवणारं कापड हवं आणि तळव्याकडे पातळ. तळवा हँडलला टेकलेला असतो, तिथे वारा लागतच नाही. तिथे जाड अस्तर असलं तर फक्त पकड बिघडते.

दुकानात तपासायची सोपी रीत: पाठीचं कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंकायचं आणि पलीकडे दुसऱ्या हाताचा तळवा धरायचा. फुंकर जाणवली तर वाराही जाणवणार. बोटांच्या कडांवरही हेच करून पाहा. बरेचदा पाठीला चांगलं विंडप्रूफ कापड असतं आणि दोन बोटांमध्ये ताणणारी पातळ जाळीदार पट्टी. उतारावर वारा नेमका तिथून शिरतो.

---

मिसळपाव_२०० | २२ नोव्हेंबर, रात्री १०:१९

निफाडकरांपुढे पुण्याच्या थंडीची तक्रार म्हणजे कोल्हापूरकरापुढे पुणेरी मिसळीच्या तिखटपणाचं कौतुक! बाकी फुंकर मारून बघायची युक्ती झकास.

---

कॅडेन्स नव्वद | २२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

माझा ढोबळ हिशोब देतो. तापमान निघतानाचं धरायचं, दुपारचं नाही.

१८ अंशांच्या वर अर्ध्या बोटांचे. १३ ते १८ मध्ये पूर्ण बोटांचे, एकेरी पातळ कापडाचे, अस्तर नको. ८ ते १३ मध्ये पाठीला विंडप्रूफ कापड आणि आत अगदी बारीक लव असलेलं अस्तर. पुण्याचा बहुतेक हिवाळा यात बसतो. ३ ते ८ मध्ये त्याच हातमोज्यांच्या आत मेरिनो लोकरीचा पातळ आतला मोजा. त्याखाली खरे जाड हातमोजे, आणि ते महाराष्ट्रात घेऊन ठेवले तर कपाटातच राहतील.

ज्यांची बोटं मुळात लवकर गार पडतात त्यांनी एक पायरी वर जावं.

---

मनगटवाली | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जेलच्या प्रश्नाला हात घालते. त्याआधी एक फरक समजून घ्या, कारण दोन वेगळ्या तक्रारी एकाच नावाने सांगितल्या जातात.

थंडीने बधिरपणा येतो तेव्हा सगळ्याच बोटांची टोकं सारखी गार पडतात, पांढुरकी दिसतात आणि ऊब परतताना सणसणून ठणकतात. दाबाने येतो तेव्हा ठरावीक बोटांनाच मुंग्या येतात, आणि ते भर दुपारी २८ अंशांतही होतं. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर होत असेल तर दाब अल्नर नर्व्हवर आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मीडियन नर्व्हवर.

आता हात उताणा धरा. मनगटाच्या घडीला लागून, करंगळीच्या बाजूला एक वाटाण्याएवढं टणक हाड बोटाला लागतं. अल्नर नर्व्ह त्याच्या शेजारच्या अरुंद वाटेने तळव्यात शिरते. हूडवर वजन टाकलं की हाच भाग चेपतो. म्हणून चांगला पॅड या वाटेच्या दोन्ही बाजूंना असतो आणि मधे खाच सोडलेली असते. पॅड बरोबर नसेच्या वर येत असेल तर तो दाब कमी करत नाही, उलट एकवटतो. हातमोजा घालून, हूडवर हात ठेवतो तसा ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाचपा: वाटाण्याचं हाड खाचेत बसलं पाहिजे. दोन हातमोज्यांचे पॅड कागदावर सारखे दिसतात, पण तळव्याची लांबी वेगळी असली की एकाच हातमोज्याचा पॅड एकाला बरोबर बसतो आणि दुसऱ्याला बोटभर सरकलेला.

आणि थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील, तेही किरकोळ गारव्यात, तर हातमोजे बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. ते रेनॉडचं (बोटांच्या रक्तवाहिन्या गारव्याने अति आवळल्या जाण्याचा आजार) लक्षण असू शकतं.

---

घाटवाट | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, हा फरक लक्षातच आला नव्हता. म्हणजे उतारावर पेरं आखडतात ती थंडी, आणि १२० किमीनंतर करंगळीला मुंग्या येतात तो दाब. दोन वेगळे आजार, दोन वेगळे उपाय.

---

गिअरबॉक्स | २३ नोव्हेंबर, दुपारी १:१२

जेलला माझा विरोध आहे, ताईंची माफी मागून. ड्रॉप हँडलच्या नळीचा पकडीतला व्यास सुमारे २४ मिमी. त्यावर अडीच-तीन मिमीची टेप, त्यावर पाच मिमीचं जेल. मूठ जितकी उघडी राहते तितकी बोटं जास्त आवळावी लागतात आणि पुढचा हात भरून येतो. शिवाय जेलची पिशवी वर्षा-दोन वर्षांत एका बाजूला सरकते, मग शिवणीशी गाठ तयार होते आणि तीच बोचते. दोन-तीन मिमीचा दाट फोम पुरतो. आणखी मऊपणा हवा असेल तर तो हँडलवर द्या, टेपखाली पट्टी टाकून. टेप धुवावी लागत नाही, हातमोजे धुवावे लागतात.

मुंग्यांचं मूळ बहुतेक वेळा हातमोज्यात नसतंच. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की माणूस पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. स्पिरिट लेव्हल ठेवून सीट आधी सपाट करा. मग टायरमधली हवा बघा. २८ मिमीच्या टायरमध्ये १००-११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून आपल्या रस्त्यांवर गेलात तर कुठलाही पॅड हात वाचवू शकणार नाही. ७०-७५ किलोच्या माणसाला ७०-७५ पीएसआय भरपूर होतं.

---

मनगटवाली | २३ नोव्हेंबर, दुपारी २:४५

माफी कशाला, दाट फोमबद्दल पूर्ण सहमत. माझा आग्रह जागेचा आहे, पदार्थाचा नाही. एक भर घालते: दर दहा-पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदला. हूड, मग वरची आडवी नळी, मग ड्रॉप. मनगट मागे मोडलेलं नको, पुढच्या हाताच्या सरळ रेषेत हवं.

---

सुईदोरा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

कापड आणि शिवणीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. हातमोजा विकत घेण्याआधी उलटा करून बघा. निदान तर्जनी तरी.

बोटाच्या टोकाशी शिवणीचा जाड गठ्ठा असेल तर तो नखाखाली टोचतो आणि ब्रेकवर बोट ठेवलं की प्रत्येक खड्ड्याला जाणवतो. चांगल्या कामात शिवण टोकावरून वळवून नखाच्या बाजूला नेलेली असते. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दुहेरी कापड आहे का बघा. हूडवर सगळा घासा तिथेच बसतो आणि हातमोजे फाटतात तेही तिथूनच. तळव्याला सिंथेटिक लेदर चालतं, पण ते हाताला कडक लागत असेल तर घामाने भिजून सुकल्यावर आणखी कडक होतं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या बारीक रेघा हव्यात, ब्रेकच्या धातूवर बोट घसरू नये म्हणून. सिलिकॉनचे मोठे ठसे नकोत, ते सोलून निघतात.

अस्तर आतून बाहेरच्या कापडाला जोडलेलं आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. सुटं असेल तर ओलसर हात बाहेर काढताना अस्तराची बोटं उलटी होऊन बाहेर येतात, आणि रस्त्याच्या कडेला अंधारात ती परत आत बसत नाहीत. बोटाच्या टोकाशी चिमटीत धरून ओढून बघा. बाहेरचं आणि आतलं कापड एकमेकांवरून सरकलं तर ठेवून द्या परत.

अंगठ्याच्या पाठीवर टर्किश टॉवेलसारखं कापड असायलाच हवं. थंडीत नाक गळतं. त्या जागी विंडप्रूफ कापड किंवा रिफ्लेक्टरचा ठसा असेल तर पहिल्या तासातच नाक सोलवटतं.

---

मिसळपाव_२०० | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३१

नाक पुसायचा अंगठा हा या धाग्यातला सर्वात लाखमोलाचा मुद्दा. +१००

---

शुद्धमराठी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अवांतर: सगळे ‘हातमोजे’ लिहिताहेत हे पाहून बरं वाटलं. आतल्या पातळ थरासाठी मात्र ‘आतला मोजा’ ऐवजी सरळ ‘अस्तरमोजा’ म्हणा की.

---

कॅडेन्स नव्वद | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०४

अस्तरमोजा घेतला. पुढच्या प्रतिसादांत हाच वापरणार.

---

रॉटरडॅमचा गणू | २४ नोव्हेंबर, पहाटे २:१०

इकडे हिवाळा म्हणजे ४ अंश, पाऊस आणि समोरून समुद्राचा वारा, त्यामुळे ओल्या हातांबद्दल थोडं सांगतो.

पूर्ण वॉटरप्रूफ हातमोजे दोन तासांनी आतून ओले होतातच. बाहेरचं पाणी नसलं तर घामाने. ५ अंशांच्या आसपास सततच्या पावसात पाणबुड्यांच्या सूटचं निओप्रीन बरं पडतं. ते पाणी अडवत नाही, आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर गरम ठेवतं. १९८८ च्या जिरो द’इतालियात (इटलीची मोठी सायकल शर्यत) गाव्हिया घाटावर बर्फ पडलं, त्या दिवशी अँडी हॅम्पस्टेनने निओप्रीनचे हातमोजे घातले होते, आणि पुढे ती शर्यतही त्यानेच जिंकली. उलट उदाहरण १९८० च्या लिएज-बास्तोन-लिएज या बेल्जियममधल्या शर्यतीचं. बर्फात बेर्नार्ड इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, पण त्याच्या बोटांची संवेदना पुरती परत आली नाही.

मात्र कोरड्या थंडीत निओप्रीन नको. हवा खेळत नाही, हात घामेजतो, आणि चहाला थांबून हातमोजे काढले की तोच घाम हात बर्फ करतो.

---

निफाडचा गारठा | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

गणूभाऊंच्या घामाच्या मुद्द्याला धरून: घाट चढताना हातमोजे काढा. चढावर वेग ताशी ८-१० किमी, वारा जवळपास नाही आणि शरीर तापलेलं. त्या वेळी आत साठणारा घाम माथ्यावर पोचल्यावर उतारात त्रास देतो. चढ सुरू व्हायच्या आधी काढून जर्सीच्या आत, पोटाशी ठेवायचे. मागच्या खिशात नको, तिथे ते पाठीच्या घामाने ओले होतात. माथ्यावर थांबून, हात गरम असतानाच, चढवायचे. गार पडलेल्या हातांवर हातमोजे घातले तर ते गारठाच धरून ठेवतात; ऊब हात देतो, हातमोजा फक्त राखतो.

---

मनगटवाली | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

अगदी खरं. आणि हाताला ऊब येते रक्तातून. छाती-पोट गार पडलं की शरीर आधी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, आतले अवयव गरम ठेवण्यासाठी. त्यामुळे दोन हजारांच्या हातमोज्यांचं काम कधीकधी बिनबाह्यांचं पातळ विंड जॅकेट आणि आर्म वॉर्मर करतात. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात, तिथे दोन बोटांची फट उघडी राहिली तर सगळी मेहनत फुकट. हातमोज्याची कड बाहीच्या आत जाईल इतकी लांब हवी.

बोटं पुरती बधिर झाली तर थांबा, हात खांद्यापासून गोल फिरवा, वीस-तीस फेरे, किंवा काखेत धरा. टपरीच्या शेगडीवर किंवा उकळत्या चहाच्या भांड्याला हात लावू नका. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही.

---

गिअरबॉक्स | २४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मूळ धाग्यातल्या लिव्हरच्या अडचणीवर येतो. शिमानोच्या यांत्रिक एसटीआयमध्ये (ब्रेक आणि गिअर एकाच जागी असलेले लिव्हर) ब्रेकचा मोठा लिव्हर आत ढकलला की एक दिशा आणि त्यामागचा छोटा ढकलला की दुसरी. जाड बोट छोट्याबरोबर मोठ्यालाही रेटतं, म्हणून गिअर अडकल्यासारखा वाटतो. डीआय-टू (शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर) असेल तर बटणं एकमेकांना चिकटून असतात, तिथे आणखी गोंधळ. स्रॅम कंपनीच्या डबलटॅप लिव्हरमध्ये गिअरसाठी एकच पाती असल्याने हा त्रास नाही.

चाचणी अशी: हातमोजा घालून तर्जनीच्या टोकाने एक रुपयाचं नाणं टेबलावरून उचलता आलं पाहिजे. येत नसेल तर तो हातमोजा रोड बाईकसाठी जाड आहे.

हातमोजे बदलले की लिव्हरचा रीचही (हँडलपासूनचं अंतर) बघा. हूडचं रबर किंवा टोपण उचललं की बारीक स्क्रू असतो, त्याने लिव्हर हँडलच्या जवळ-लांब होतो. जाड हातमोज्यात बोट आखूड पडल्यासारखं वाटतं, म्हणून थोडा जवळ आणा. नंतर गाडी उभी करून दोन्ही ब्रेक पूर्ण आवळा. लिव्हर हँडलला टेकायच्या बराच आधी चाक जाम झालं पाहिजे. नसेल तर केबल ताणून घ्या, मगच घाटात जा.

---

स्पितीवारी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:००

मनाली-लेह किंवा स्पितीला जाणाऱ्यांसाठी वेगळं गणित. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा ला ही खिंड ४,८०० मीटरच्या वर आहे, तिथे जुलैतही सकाळी पाणी गोठलेलं असू शकतं. तिथे तीन थर: अस्तरमोजा, त्यावर विंडप्रूफ, आणि बर्फ-पावसासाठी वरून सैल वॉटरप्रूफ खोळ. दोन-दोन बोटं एकत्र ठेवणारे, खेकड्याच्या नांगीसारखे हातमोजे पाच सुट्या बोटांपेक्षा कितीतरी उबदार, आणि ब्रेकही लावता येतो.

आयत्या वेळची सोय म्हणून नायट्राइलच्या डॉक्टरी हातमोज्यांची एक जोडी सॅडलबॅगेत टाका. वजन नाही, जागा नाही. अस्तरमोज्याच्या वरून घातली की वारा शंभर टक्के बंद. हात घामेजतो, त्यामुळे एका उतारापुरतीच. चेन उतरली तर तीच जोडी कामाला येते.

---

सुईदोरा | २४ नोव्हेंबर, रात्री ८:४०

धुण्याबद्दल विसरले होते. वेल्क्रो बंद करून, ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात, सौम्य साबणाने हातानेच धुवायचे. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, कापडाची छिद्रं बुजतात. पिळायचे नाहीत, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि सावलीत, बोटं वर करून वाळवायचे. उन्हात सिंथेटिक लेदर पापडासारखं होतं.

---

घाटवाट | १५ डिसेंबर, रात्री ९:०५

धागा वर काढतो. सीट सपाट केली, हवा ७५ वर आणली, टेपखाली फोमची पट्टी घातली. आता दोन जोड्यांवर येऊन थांबलोय. दोन्हींची फुंकर-परीक्षा आणि नाणं-परीक्षा पास, पॅड पातळ फोमचा, अंगठ्याला टॉवेलचं कापड. तळव्याचा घेर २१ सेंमी. तक्त्यात एम २० ते २१ आणि एल २१ ते २२. एम पंजा उघडला की ताणला जातो, एल मध्ये बोटांच्या टोकाशी जागा उरते. पहिला प्रश्न अजून तिथेच आहे: नेमका की मोठा?

---

सुईदोरा | १५ डिसेंबर, रात्री ९:४८

पंजा उघडून बघूच नका. सायकलिंगचे हातमोजे आधीच किंचित मुठीच्या आकारात शिवलेले असतात, त्यामुळे उघड्या पंजावर ते ताणलेलेच वाटणार. हँडल धरल्यासारखी मूठ करा, मग तीन गोष्टी बघा. बोटांच्या टोकाशी तीन-चार मिमी जागा उरते का. बेचक्यांत कापड रुतत नाही ना. आणि तळव्यावर आडवी घडी पडते का. घडी पडली तर मोठा आहे, आणि तीच घडी शंभर किमीनंतर फोड आणेल. बेचक्यांत रुतत असेल किंवा टोकं टेकत असतील तर लहान. घट्ट हातमोज्यात अस्तर चेपतं, मधली हवा जाते, रक्तही अडतं, आणि मग तो कितीही महाग असला तरी गारच.

घेर पाहिलात तशी मधल्या बोटाची लांबीही मापून पाहा. सीमेवरच्या मापात निर्णय बोटाच्या लांबीवर होतो.

---

कॅडेन्स नव्वद | १५ डिसेंबर, रात्री १०:१०

आणि अस्तरमोजा वापरणार असाल तर तो घालून माप बघा. तुमच्या ९-१० अंशांना त्याची गरज नाही, पण नाशिकच्या बाजूची ब्रेव्हे करणार असाल तर लागेल.

---

घाटवाट | १५ डिसेंबर, रात्री १०:५५

मूठ करून पाहिलं. एम: टोकाशी तीन मिमी, बेचके मोकळे, घडी नाही. एल: तळव्यावर ठळक घडी. अस्तरमोजा घालून एम मध्ये करंगळीचं टोक टेकतंय, बाकीची ठीक.

---

सुईदोरा | १५ डिसेंबर, रात्री ११:०४

मग पुण्यासाठी एम. नाशिकला अस्तरमोज्याची करंगळी शेवटच्या पेरापाशी कापून कड दुमडून शिवा. चार टाके पुरतात, आणि गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा.

---

निफाडचा गारठा | १६ डिसेंबर, सकाळी ६:२०

आज इथे ६ अंश. दुपारी ऊन तापलं की एम काढून अर्ध्या बोटांची जोडी चढवायची, तेव्हा तीही सोबत असू द्या. उघड्या हातांनी घामट टेप धरू नका.